नवी चूल आणि जुना धूर

संसारातील ज्या वस्तू नित्य डोळ्यांसमोर असतात, त्यांच्याविषयी विचार करण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अशा वस्तूंत चुलीचा क्रमांक पहिला लावावा लागेल. वास्तविक, आपल्या भाषेने चुलीला दिलेला मान देव्हाऱ्याच्या खालोखाल आहे. दोघे भाऊ वेगळे झाले की त्यांची ‘चूल वेगळी झाली’ असे आपण म्हणतो. शेत, घर, गोठा यांची वाटणी कागदावर पुढे केव्हाही होवो. घरावर विपत्ती आली तर ‘चूल पेटली नाही’ असे म्हणतो. लग्नकार्यास सर्व कुटुंबास बोलवावयाचे असले तर आमंत्रण ‘चूलबंद’ असते. सरकारी शिरगणतीतही एका चुलीवर जेवणारी माणसे ती एक कुटुंब, अशीच मोजदाद करतात. म्हणजे व्यवहार, भाषा आणि कायदा या तिघांच्याही दृष्टीने घर म्हणजे चार भिंती नव्हेत. घर म्हणजे चूल होय.

असे असता, घरात नवी चूल आणावयाची वेळ आली म्हणजे तिच्याविषयी विचार करण्यास आपण किती वेळ देतो? गाय विकत घ्यावयाची तर आपण तिचे दात पाहतो, सड पाहतो, चार जाणत्यांना विचारतो. चूल मात्र बाजारात पुढे आली ती उचलतो आणि घासाघीस करून घरी आणतो. ही उदासीनता आम्हांस केवळ व्यवहाराची उणीव वाटत नाही. तिच्या पोटी धर्माचा एक प्रश्न दडलेला आहे, असे आमचे मत आहे. त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

खानापूर आणि लोंढा यांच्या मध्ये, श्रीमाऊलीच्या कृपाछत्राखाली वसलेल्या आमच्या गुंजीस जळणाची टंचाई पूर्वी फारशी ठाऊक नव्हती. चहूंकडे रान, ऐन, किंजळ, जांभूळ यांच्या वाळल्या फांद्या गोळा कराव्यात, पावसाळ्यापूर्वी पडवीत रचाव्यात, आणि चार महिने निर्धास्त राहावे, असा क्रम होता. आज रानाचे नियम कडक झाले आहेत, आणि ते व्हावयासच हवे होते. याच तालुक्यातील भीमगडचे रान २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. घरोघरी सिलिंडरही आले. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरिबाच्या घरातही गॅसची शेगडी पोहोचविली. तथापि सिलिंडर आला म्हणून चूल विझली असे झालेले नाही. न्हाणीतील हंडा लाकडावर तापतो. भाकरी आरावर शेकल्याखेरीज अनेकांना ती भाकरी वाटत नाही. श्राद्धपक्षास, जत्रेस, लग्नास मोठा भात उकळावयाचा तो चुलीवरच. आणि महिनाअखेर सिलिंडर संपला व हातात पैसा नसला, की घर पुन्हा चुलीपुढे येऊन बसते. २०११ च्या शिरगणतीत देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी साडेबासष्ट टक्के कुटुंबांचे मुख्य जळण लाकूड हेच होते. त्यानंतर हे प्रमाण पुष्कळ घटले असले, तरी लाकडाची चूल ही गतकाळाची गोष्ट झाली असे समजण्याचे कारण नाही.

म्हणून प्रश्न असा : ज्या अग्नीवर सर्व घराचे अन्न शिजते, त्या अग्नीचा धूर कोणी सोसावा? जेवणारे दहा असतात आणि धूर गिळणारी एक असते, ही व्यवस्था धर्म्य आहे काय?

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. विवाहसमयी प्रज्वलित झालेला अग्नी वधूवरांनी आपल्या घरी आणावा आणि तोच गृह्याग्नी म्हणून पुढे जपावा, अशी आपली प्राचीन चाल होती. म्हणजे ‘चूल घरी आणणे’ हे आपल्या परंपरेत मुळात बाजारहाटाचे काम नसून संस्काराचा भाग होता. घर बांधल्याने गृहस्थ होत नसे. अग्नी घरी आणल्याने होत असे. या अग्नीची सेवा कोणी करावी, याचे उत्तर आश्वलायनांच्या गृह्यसूत्रात पहिल्याच अध्यायात आले आहे. पाणिग्रहणापासून गृहस्थाने स्वतः ती करावी. अथवा पत्नीने, पुत्राने, कन्येने किंवा घरी शिकणाऱ्या शिष्याने करावी. वाचकांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. यादीच्या आरंभी गृहस्थाचे नाव आहे, आणि घरातील कोणीही तीतून सुटलेला नाही. त्याच ठिकाणी पुढे, अग्नी विझल्यास पत्नीने उपवास करावा असे ‘काहींचे’ मत सांगितले आहे. सेवा सर्वांची आणि प्रायश्चित्त मात्र एकीचे, ही घसरण तेव्हापासूनच सुरू झाली होती असे यावरून दिसते. सूत्रकारांनी ते मत आपले म्हणून न देता काहींचे म्हणून दिले, हेही विसरता कामा नये. गृह्याग्नी आणि स्वयंपाकाची चूल या दोन गोष्टी शास्त्रदृष्ट्या एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. परंतु औपासनाचा अग्नी बहुतेक घरांतून गेला आणि चूल तेवढी राहिली. अग्नीविषयीचा आदर आता दाखवावयाचा तर तो तिथेच दाखविला पाहिजे.

दुसरा आधार मनुस्मृतीचा. तिच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरी पाच ‘सूना’ म्हणजे हिंसेची स्थाने सांगितली आहेत. चूल, पाटा-जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच स्थाने. त्यांत पहिले नाव चुलीचे. या हिंसेच्या निष्कृतीसाठीच पंचमहायज्ञ सांगितले आहेत. टीकाकार या हिंसेचा अर्थ चुलीत जळणारे आणि पाट्याखाली चिरडणारे सूक्ष्म जीव असा करतात, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्यांनी किडामुंगीच्या मरणाचीही जबाबदारी गृहस्थावर टाकली, त्यांना चुलीपुढे बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचे आणि छातीचे हाल त्या हिंसेबाहेरचे वाटले असते, असे म्हणवत नाही. आणखी एक गोष्ट. हा दोष त्यांनी स्वयंपाक करणारीच्या माथी मारलेला नाही. तो ‘गृहस्थाचा’ म्हटला आहे. चूल कोणीही पेटवो, तिच्यापासून होणारी इजा ही घरधन्याच्या खाती जमा होते. हा विचार पुरता मनात ठसला तर चूल विकत घेण्याची रीतच पालटून जाईल.

आता ही इजा किती? धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, एवढे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु ज्याची सवय झाली त्याचे मोजमाप कोणी करीत नाही. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मापनयंत्रे लावून हा धूर मोजला आणि १९८३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठ्या शहरांच्या हवेची चिंता जगभर चालू असता, खरी दूषित हवा खेड्यातील सैपाकघरात आहे, हे त्यामुळे विद्वानांच्या प्रथम ध्यानी आले. लाकूड पुरते न जळता धुमसते तेव्हा धुरात काजळीचे अतिसूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू राहतो. हे कण फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत जातात. त्यांतून जुनाट श्वासविकार, डोळ्यांत मोतीबिंदू, हृदयाचे रोग उद्भवतात; आणि आईच्या मांडीवर किंवा पाठीशी असलेल्या मुलास न्यूमोनियाचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरगुती धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील मुले दोन लाख सदतीस हजारांहून अधिक होती. ही संख्या एखाद्या युद्धाची असती तर प्रत्येक वर्तमानपत्राने ती मोठ्या अक्षरात छापली असती. चुलीपुढील मरण हळूहळू आणि घरच्या घरी येते, म्हणून त्याचा बोभाटा होत नाही.

येथे कोणी जाणता मनुष्य म्हणेल, ‘अहो, अग्नी आला की धूर आलाच. गीतेतच सांगितले आहे.’ हा आक्षेप आदराने विचारात घेतला पाहिजे, कारण त्याचा आधार मोठा आहे. अठराव्या अध्यायात भगवंतांनी खरोखरच असे सांगितले आहे की, सहजप्राप्त कर्म सदोष असले तरी टाकू नये. कारण अग्नी जसा धुराने, तशी सर्वच कर्मे कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेली असतात. परंतु या उपदेशाचा रोख कोठे आहे ते पाहावे. कर्म टाकू नये, एवढेच तिथे सांगितले आहे. दोष दूर करू नये असे नव्हे. धूर होतो म्हणून स्वयंपाक बंद करू नका, हा त्याचा अर्थ. धुराडे बसवू नका, हा नव्हे. आणि याच दृष्टान्ताचा उपयोग भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात वेगळ्या रीतीने केला आहे. तिथे धुराने झाकलेला अग्नी आणि मळाने झाकलेला आरसा ही उदाहरणे एकत्र येतात, आणि त्यांनी दर्शविलेले आवरण दूर करावयाचे असते. आरशावरील मळ पुसावयाचाच असतो. तेव्हा एकाच ग्रंथातील एका दृष्टान्ताच्या आधारे धुराचे समर्थन करावयाचे आणि दुसरा दृष्टान्त विसरावयाचा, हे शास्त्रप्रामाण्य नव्हे, सोयीचे प्रामाण्य होय.

किंबहुना, कोणता दोष ‘सहज’ म्हणावा यासाठी तीन कसोट्या लावता येतील. पहिली, तो दोष खरोखर अटळ आहे काय? दुसरी, तो कमी करण्याचा शक्य तेवढा यत्न झाला आहे काय? आणि तिसरी, त्याचे फळ जो कर्म करवितो आणि ज्याला त्या कर्माचा लाभ होतो तोच भोगतो काय? शेतकऱ्याच्या नांगराखाली जीव मरतात. तो दोष अटळ आहे, आणि उन्हातान्हाचा क्लेशही तो स्वतः सोसतो. त्याला गीतेचा दिलासा पूर्णपणे लागू पडतो. चुलीच्या धुराची गोष्ट तशी नाही. लाभ सर्वांचा आणि क्लेश एकीचा. आणि जो लाभ घेतो तोच म्हणतो की हा दोष सहज आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांतील धुराला ‘सहज’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? स्वतः सोसलेल्या क्लेशाला तप म्हणतात. दुसऱ्याकडून सोसवून घेतलेल्या क्लेशाला ते नाव देता येत नाही. ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही आपली म्हणही या कामी फार वापरली जाते. सर्वांच्या घरी सारखेच दुःख आहे, एवढे ती सांगते. ते दुःख योग्य आहे, असे ती सांगत नाही.

हा दोष अटळ नाही याची साक्ष आपल्याच देशाने दिलेली आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणाऱ्यांनी धूर नळीवाटे बाहेर नेणारी ‘मगन चूल’ लोकांपुढे ठेवली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी कोटी कोटी घरांसाठी निर्धूर स्वयंपाकघर या विषयावर १९५३ साली पुस्तिका प्रसिद्ध केली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली स्थापन झालेल्या ‘अस्त्र’ या विभागाने ग्रामीण कर्नाटकासाठी तीन भांड्यांची, धुराड्याची ‘अस्त्र ओले’ तयार केली. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल. पुण्यास १९९६ साली डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेनेही सुधारित चुलींचे पुष्कळ काम केले आहे. केंद्र सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि तो २००२ साली संपेपर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या. त्याखेरीज, तळाशी आडवे तोंड आणि वर उभी नळी अशा रचनेने ज्वाळा एकवटणाऱ्या लोखंडी चुली आज बाजारात मिळतात. ही रचना लॅरी विनियार्स्की या अमेरिकन गृहस्थाने १९८० च्या दशकात लोकांपुढे मांडली. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहावा-सातवा हिस्सा भांड्यास लागतो आणि उरलेली उष्णता भिंतीस, हवेस व बसणाऱ्या माणसाच्या तोंडास लागते. भारतीय मानक संस्थेने २०१३ साली सुधारलेल्या प्रमाणकात, पंख्याविना चालणाऱ्या चुलीने निदान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीने ३५ टक्के उष्णता भांड्यास दिली पाहिजे असे ठरविले. म्हणजे तेवढ्याच भाकरीस लाकूड निम्मे लागावयाचे. रानावरील भार निम्मा, डोकीवरील मोळी निम्मी.

मग साडेतीन कोटी चुली गेल्या कोठे? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण आमच्या विषयाचे मर्म याच प्रश्नात आहे. पुष्कळ ठिकाणी धुराड्यात काजळी साचली आणि ती कोणी काढली नाही. कोठे चुलीचे तोंड लहान म्हणून ते फोडून मोठे करण्यात आले. कोठे भाकरी आरावर शेकावयास जागाच नव्हती, म्हणून शेजारी पुन्हा तीन दगड मांडले गेले. ओडिशातील ४४ गावांत सुमारे छत्तीसशे नव्हे, सव्वीसशे कुटुंबांत सुधारित चुली देऊन काही अर्थशास्त्रज्ञांनी चार वर्षे निरीक्षण केले. त्यांत पुढे नोबेल पारितोषिक मिळालेल्या एस्तेर ड्युफ्लो या विदुषीही होत्या. त्यांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. पुढे मात्र तो लाभ नाहीसा झाला, कारण चुली नेमाने वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजी झाली नाही. प्रयोगशाळेत जी चूल निर्दोष होती, ती घरात येऊन जुन्या चुलीसारखीच झाली.

यावरून कित्येकांनी असा निष्कर्ष काढला की, खेड्यातील माणसांना सुधारणा नकोच असते. आम्हांस तसे वाटत नाही. चूल देणारे वेगळे, घेणारे वेगळे, आणि तिच्यापुढे बसणारी वेगळी. जिला ती वापरावयाची, तिला कोणी काही विचारलेच नाही. तिला तवा केवढा लागतो, भाताचे पातेले केवढे, ती बसून रांधते की उभ्याने, तिच्या हाताला लाकूड कोणत्या बाजूने सरकविणे सोयीचे, हे तिच्याखेरीज कोणास ठाऊक? आणि धुराडे साफ करण्याचे काम तिच्याच कामांत आणखी एक म्हणून पडले. जिची कामे आधीच संपत नाहीत, तिने शिडी लावून कौलांवर चढावे आणि नळीतील काजळी झाडावी, अशी अपेक्षा करणाऱ्यांनीच ती चूल निकामी केली.

तेव्हा नवी चूल आणावयाची तर ती कशी आणावी? पहिली गोष्ट अशी की, बाजारात घरधन्याने एकट्याने जाऊ नये. जी चुलीपुढे बसणार तिने चूल निवडावी आणि घरधन्याने पैसे मोजावेत व ओझे उचलावे. सून असेल तर सुनेचे मत सासूबाईंनी ऐकावे. सासूबाईंच्या अनुभवाला सुनेने मान द्यावा. दुसरी गोष्ट, घरातील मोठा तवा आणि नित्याचे पातेले बरोबर न्यावे. ते चुलीवर ठेवून पाहावे. भाकरी शेकण्यापुरता आर पुढे ओढता येतो की नाही हे पाहावे. येत नसेल तर ती चूल भाताला चांगली असली तरी आपल्या घरास पुरी पडणार नाही, हे आधीच समजावे. तिसरी गोष्ट, भांडे ठेवल्यावर चूल डुगडुगते काय हे पाहावे. उकळत्या पातेल्यापाशी मुले खेळत असतात. चौथी, चुलीला धुराडे नसेल तर ती उघड्या पडवीत किंवा मोठ्या खिडकीपाशी मांडता येईल काय, याचा विचार बाजारातच करावा. घरी आणून ती पुन्हा त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावयाची असेल तर पैसे वाया गेले. ज्यांना मातीचीच चूल हवी त्यांनी तीच घ्यावी. तीत कमीपणा काही नाही. खानापुरच्या लाल मातीची कीर्ती जुनी आहे; तिथल्या विटा, कौले आणि मडकी दूरदूर जातात, आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्थाही तिथे आहे. जाणत्या कारागिराकडून वैलासहित आणि धुराड्यासहित घातलेली मातीची चूल ही लोखंडी चुलीइतकीच समर्थ होऊ शकते.

चूल घरी आल्यावर तिला हळदकुंकू वाहावे, फूल ठेवावे, पहिल्याने दूध तापवावे आणि थोडे उतू घालवावे, ही आपली चाल सुंदर आहे आणि ती पाळावी. मात्र जो मान आपण चुलीला देतो, त्यातला काही वाटा चुलीपुढे बसणारीच्या वाट्यास येऊ द्यावा. अग्नीला देव म्हणावे आणि त्याच्या परिचारिकेला धुरात कोंडावे, अशी पूजा कोणता देव मान्य करील?

याला काही आक्षेप येतील, त्यांपैकी तीन महत्त्वाचे आहेत. पहिला, खर्चाचा. तो खराच आहे. पण घरात त्याच वर्षी आणखी काय काय विकत घेतले, ते एकदा आठवून पाहावे. जी वस्तू चारचौघांना दिसते तिच्यासाठी पैसा निघतो आणि जी आतल्या खोलीत असते तिच्यासाठी निघत नाही, असे असेल तर ती अडचण पैशाची नव्हे. दुसरा आक्षेप, धुराच्या उपयोगाचा. आमच्याकडील पावसात चार-चार महिने ऊन दिसत नाही. चुलीवरील माळ्यात जळण वाळते, बियाण्यास कीड लागत नाही, कौलाखालील वाशांना वाळवी कमी लागते, हे सर्व सत्य आहे आणि जुन्या माणसांनी ते अनुभवाने जाणलेले आहे. परंतु या उपयोगास ऊब पाहिजे, माणसाचा श्वास नव्हे. धुराडे माळ्याजवळून नेले तर त्याच्या उबेने जळण वाळते. आणि बियाणे राखेत घालून ठेवण्याची रीतही जुनीच आहे. तिसरा आक्षेप असा की, गॅस आल्यावर या चर्चेचे कारणच काय? ज्याला गॅसवर सर्व स्वयंपाक परवडतो त्याने अवश्य तो करावा. धुराच्या दृष्टीने त्याहून बरे काही नाही. परंतु ज्या घरी चहा गॅसवर आणि भाकरी, पाणी, कांजी, गुरांचे आंबोण चुलीवर असा व्यवहार आहे, त्या घरी गॅसने चुलीचा प्रश्न सोडविलेला नाही. तो फक्त दृष्टीआड केला आहे.

राहता राहिली नित्याची सेवा. चूल विकत घेणे हे एका दिवसाचे काम आहे. ती निर्धूर राखणे हे रोजचे आहे, आणि धर्म म्हणून काही असेल तर तो या रोजच्या कामात आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याइतके पाणी असू शकते. तेच लाकूड फोडून, रचून, वाऱ्यावर वाळविले की पाणी पंधरा-वीस टक्क्यांवर येते. ओले लाकूड कोणत्याही चुलीत धूरच करणार. म्हणून लाकूड वेळीच फोडून बारीक ढलप्या करणे, मृगापूर्वी ते कोरड्या जागी रचणे, चुलीतील राख रोज काढणे, महिना-पंधरा दिवसांनी धुराड्यातील काजळी झाडणे, तडा गेला तर मातीने लिंपणे, ही सर्व कामे अग्निसेवेची आहेत. ती घरातील पुरुषांनी आणि मुलग्यांनी आपल्याकडे घ्यावीत. आश्वलायनांनी सांगितलेली यादी आमच्या मते आजही लागू आहे : गृहस्थाने स्वतः, आणि त्यानंतर इतरांनी. ज्याच्या हाताला काजळी लागते, त्याला धुराडे का हवे हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या घरी अतिथी येतो तेव्हा आपण त्याला अन्न वाढतो आणि ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो. ते अन्न शिजताना कोणाला किती त्रास झाला, हे अतिथी विचारीत नाही. विचारणे त्याच्या मर्यादेत बसत नाही. परंतु घरधन्याने विचारावे. वैश्वदेवाची आहुती आज फार थोड्या घरांत पडते. तरीही जेवावयास बसण्यापूर्वी एकदा उठून आत जावे आणि चुलीपाशी दोन पळे बसून पाहावे, एवढे कोणालाही शक्य आहे. तिथे बसवले तर बरेच आहे. बसवत नसेल, तर त्या घरात काय आणावयाचे राहिले आहे, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.